गुणिले शंभर

अप्पांना कुठलाही आकडा सांगू नये. आमच्या सोसायटीत हे शेंबडं पोरही जाणतं, पण नव्या बिऱ्हाडांना कोण सांगणार? परवा बी विंगमधल्या नव्या सूनबाई लिफ्टमध्ये सहज बोलून गेल्या, की त्यांच्या भावाने म्युनिकला केस कापले आणि न्हाव्याने अठ्ठावीस युरो घेतले. लिफ्ट तळमजल्यावरून तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत अप्पांनी त्याचे दोन हजार आठशे केले, त्याला कोपऱ्यावरच्या सलूनच्या ऐंशी रुपयांनी भागलं, उत्तर पस्तीस काढलं आणि दार उघडता उघडता सुनावलं, "म्हणजे तुमचा भाऊ एका दुपारी तीन वर्षांची हजामत उरकून आला." सूनबाई हल्ली जिन्याने येतात.

असे एक अप्पा तुमच्याही ओळखीत असणारच. मुलगा किंवा मुलगी परदेशात, स्वतः आयुष्यात एकदा एलटीसीवर दिल्लीपर्यंत विमानाने गेलेले, आणि जगातल्या यच्चयावत विद्यार्थी व्हिसांची खडान्‌खडा माहिती. सकाळी फिरायला निघाले की समोरून येणाऱ्या दहावीच्या पोरालाही विचारतात, "पासपोर्ट काढलास का रे?" प्रत्येक देशाचा अप्पा वेगळा. अमेरिकावाला अप्पा तीन मिनिटांच्या मुलाखतीबद्दल तीन तास बोलतो. कॅनडावाल्या अप्पांचा आवाज अलीकडे जरा खाली आलाय. पूर्वी तिथे राहण्याच्या खर्चापोटी दहा हजार डॉलर दाखवले की भागायचं. २०२४च्या जानेवारीत ते २०,६३५ झाले आणि २०२५च्या सप्टेंबरात २२,८९५. आमचे अप्पा जर्मनीवाले. पुण्यात ही जात विपुल. निम्म्या कोथरूडची मुलं रानडे इन्स्टिट्यूट नाहीतर बोट क्लब रोडच्या मॅक्समुल्लर भवनात 'डेर, डी, डास' करून आलेली असतात आणि उरलेल्या निम्म्यांची नावं घातलेली असतात.

अप्पा निवृत्त झाले ते लोकल फंड ऑडिटमधून. उभा जन्म ग्रामपंचायतींची आणि नगरपालिकांची दप्तरं तपासण्यात गेला. मुक्कामाच्या चहापासून हातपंपाच्या दुरुस्तीपर्यंत कुठे काय लपलेलं असतं हे त्यांना वासावरून कळतं. घरीही तीच भाषा. काकूंनी भाजी जास्त आणली तर ती 'अनियमित खरेदी'. दुधाच्या हिशेबात चार रुपये उरले तर ते 'वसूलपात्र'. त्यांची मुलगी शाळेत असताना सहलीहून परतली, की तिला आधी अनुपालन अहवाल द्यावा लागे, जेवण मागाहून.

ही मुलगी २०१८ साली ड्रेस्डेनला शिकायला गेली आणि अप्पांना गुणाकाराचं व्यसन लागलं. तेव्हा जर्मन व्हिसासाठी वर्षाचे ८,६४० युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये आधीच भरून ठेवायचे असत. पैसे आपले, पण हात लावायचा नाही. मूल तिथे पोचलं की दरमहा ७२० युरो सुटणार. ही पद्धत ऐकून अप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं म्हणतात. पोरांच्या हातात एकरकमी पैसे न देता महिन्याच्या महिन्याला मोजून देणारं सरकार पृथ्वीच्या पाठीवर कुठेतरी आहे, यावर त्यांचा एरवी विश्वास बसला नसता.

युरो तेव्हा ऐंशीच्या आसपास होता. अप्पांनी ऐंशीचा पाढा घोटला. मग दर पंचाऐंशीवर गेला, खाली आला, नव्वदीत घुटमळला. दर हलला की अप्पा दोन दिवस अस्वस्थ, कारण नवा पाढा बसायला वेळ लागे. २०२५च्या उन्हाळ्यात युरो शंभराच्या घरात गेला. मुलांना तिकडे पाठवू पाहणाऱ्या आईबापांच्या घशाला कोरड पडली. एकट्या अप्पांच्या चेहऱ्यावर मात्र समाधान. "आता कसं सुटसुटीत झालं," ते म्हणाले, "दोन शून्यं लावली की काम झालं." रुपयाच्या घसरणीचं इतकं निर्मळ स्वागत अर्थशास्त्राच्या इतिहासात कुणी केलं नसेल.

नेमका त्याच उन्हाळ्यात माझा भाचा अप्पांच्या तावडीत सापडला. मेकॅनिकल झालेला, एका कंपनीत वर्षभर चिकटलेला, आखेनला एमएस करायचं म्हणत होता. ताईने, म्हणजे माझ्या बहिणीने, अप्पांना फक्त एवढंच विचारलं, की साधारण खर्च किती येईल? संध्याकाळी अप्पा काखेत प्लास्टिकची फाइल मारून तिच्या घरी हजर. डायनिंग टेबलावरचं लोणचं, मीठ, तुपाचं भांडं असं सगळं बाजूला सारून त्यांनी फुलस्केप कागद पसरला आणि मधोमध उभी रेघ मारली. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च. वर मथळा : 'अंदाजपत्रक (मूळ)'. सुधारित अंदाजपत्रक आणि पुरवणी मागण्या नंतर यायच्या होत्या.

आधी त्यांनी देशाचा नकाशा काढला आणि बाडेन-वुर्टेम्बर्ग हे अख्खं राज्य पेन्सिलीने खोडलं. युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून तिथे २०१७पासून सहामाहीला दीड हजार युरो घेतात. "दीड लाख!" अप्पा म्हणाले आणि स्टुटगार्ट, कार्ल्सरूह, हायडेलबर्ग एका फटक्यात भारताच्या हितसंबंधांबाहेर गेली. म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनेही २०२४च्या हिवाळ्यापासून परदेशी विद्यार्थ्यांना फी लावली आहे, मास्टर्सला सहामाहीला चार ते सहा हजार युरो. तिच्यावर अप्पांनी फुली मारली नाही, नुसता एक सुस्कारा सोडला. चांगल्या घरातला मुलगा बिघडल्याचं कळावं तसा.

भाच्याला नऊ विद्यापीठांत अर्ज करायचे होते. युनि-असिस्ट नावाची संस्था अर्ज तपासून देते, पहिल्याला ७५ युरो आणि पुढच्या प्रत्येकाला ३०. अप्पांनी ३१,५०० हा आकडा लिहिला, त्याखाली दोन रेघा ओढल्या आणि चष्म्यावरून बघितलं. "नऊ कशाला? लग्न एकीशीच करायचंय ना?" चारवर तडजोड झाली. मग एपीएस. आपली गुणपत्रकं खरी आहेत, हे जर्मन वकिलातीच्या या कक्षाकडून प्रमाणित करून घ्यावं लागतं. भारतीयांना ते २०२२च्या नोव्हेंबरपासून सक्तीचं झालं, फी १८,००० रुपये. हा आकडा मुळातच रुपयांत असल्यामुळे अप्पा हिरमुसले. थोडा वेळ त्यांनी तो उलटा करून पाहिला, १८० युरो, पण मजा आली नाही.

खर्चाची बाजू भरता भरता रात्रीचे दहा वाजले. ब्लॉक्ड अकाउंट ११,९०४ युरो, म्हणजे दरमहा ९९२. व्हिसा फी ७५. आरोग्यविमा, सहामाही वर्गणी, घराची अनामत. 'केस कापणे' या शीर्षाखाली शून्य तरतूद होती आणि शेऱ्यात लिहिलं होतं, 'मशीन इथूनच नेणे'. प्रत्येक रकमेपुढे रुपयांचा रकाना, प्रत्येक रकान्यात दोन शून्यांची भर. ताईचे यजमान आधी खुर्चीत ताठ बसले होते. साडेनऊला ते सोफ्यावर गेले आणि दहाला आडवे झाले.

खरी गंमत जमेच्या बाजूला. जर्मनीत विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येतं आणि तेव्हा, २०२५ साली, तासाला किमान १२.८२ युरो मिळत, हे ऐकून ताईला जरा धीर आला होता. अप्पांनी तो लगेच काढून घेतला. अनिश्चित उत्पन्न अंदाजपत्रकात धरायचं नसतं. "मग जमेला काहीच नाही?" तिने विचारलं. "आहे की," असं म्हणून अप्पांनी लिहिलं : रिकाम्या बाटल्या.

तिकडे पाण्याच्या, कोकच्या प्लास्टिक बाटलीवर २५ सेंट अनामत असते. रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात घातली की पैसे परत. आपण घेतलेल्या बाटलीचे पैसे हा नुसता परतावा, ते उत्पन्न नव्हे, इतकं तारतम्य लोकल फंडाच्या माणसाला असणारच. "पण दुसऱ्याने बाकावर टाकून दिलेली बाटली," अप्पा पेनाने हवेत टिचकी मारत म्हणाले, "हे निव्वळ उत्पन्न. एकेक बाटली पंचवीस रुपये! दिवसाला चार धर. वर्षाला ३६५ युरो. छत्तीस हजार पाचशे!" माझ्या बहिणीने एवढा वेळ सगळं सोसलं होतं. आता ती उभीच राहिली. "अप्पा, माझा मुलगा इंजिनियर आहे. तो भंगार गोळा करणार नाही." अप्पांनी शांतपणे शेरा लिहिला : 'पालकांचा आक्षेप. निर्णय प्रलंबित.'

पैसे उभे करायचा प्रश्न आला तेव्हा मात्र हाच माणूस वेगळ्या आवाजात बोलला, हे नोंदवलं पाहिजे. कर्ज हा शब्द काढला की ताईच्या घरात एकदम सुतक. मोठं कर्ज म्हटलं की सरकारी बँक तारण मागणार, म्हणजे फ्लॅटचा इंडेक्स टू, सर्च रिपोर्ट, वकील, व्हॅल्युअर. भाच्याच्या वडिलांनी हप्ते फेडून नुकता मोकळा केलेला फ्लॅट पुन्हा गहाण. अप्पांनी आधी कायदा सांगितला. व्याजावर आयकरात आठ वर्षं सूट, कलम ८०ई. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून परदेशी पाठवलेल्या पैशांवर १ एप्रिल २०२५पासून टीसीएस नाही. स्वतःच्या साठवणीतून वर्षाला दहा लाखांच्या वर पाठवलेत, तर वरच्या रकमेवर मात्र कापून घेतात आणि मग विवरणपत्र भरून मागे लागायचं. "म्हणजे बघा," अप्पा म्हणाले, "ज्याने पोटाला चिमटा काढून पैसे साठवले त्याला कापायचं आणि जो ऋण काढेल त्याला सोडायचं. चार्वाकाला आता सर्क्युलर मिळालं."

तरी ताईचा चेहरा उतरलेलाच. मग अप्पांनी पोतडीतून इतिहास काढला. १९२८ साली इरावतीबाई कर्वे बर्लिनला पीएच.डी.ला गेल्या त्या जीवराज मेहतांनी दिलेल्या कर्जावर, आणि घरी सासरे महर्षी असूनही जाण्याला त्यांचा विरोध होता. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली कोलंबियाला गेले ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर, दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षं. इथवर सगळं ठीक होतं. ताईचे यजमानही सोफ्यावर उठून बसले होते. पण साडेअकरा हा आकडा तोंडातून निघाला आणि अप्पांचे डोळे बारीक झाले. "तेव्हा पौंडाला पंधरा रुपये दर होता," ते पुटपुटले, "एकशे बहात्तर रुपये आठ आणे." पुढचा इतिहास राहूनच गेला.

दाखवण्यापुरत्या पैशांचा मात्र त्यांना भयंकर तिटकारा. इंग्लंडच्या व्हिसाला खात्यात ठरलेली रक्कम सलग अठ्ठावीस दिवस राहावी लागते, एक दिवसही खाली जाता कामा नये. सी विंगमधल्या एका कुटुंबाने मामा, आत्या, चुलते यांच्याकडून गोळा करून ती उभी केली. सव्विसाव्या दिवशी मामांना मंगल कार्यालयाचं बुकिंग मिळालं आणि त्यांनी दोन लाख परत मागितले. शिल्लक घसरली, मोजणी पुन्हा एकपासून. मामांच्या मुलीचं लग्न वेळेवर लागलं, भाच्याचं कॉलेज पुढच्या सत्रावर गेलं. ही हकीकत अप्पा इतक्या चवीने सांगतात, की मामांना त्यांनीच फितवलं असावं अशी सोसायटीत शंका आहे. "पैसे दाखवायचे नसतात, असायचे असतात," हे त्यांचं वाक्य. आमच्या भागात निम्म्या एफडींना आलटून पालटून सगळ्यांच्या मुलांचे आईबाप व्हावं लागतं, हे पाहता वाक्य तसं बोचरंच.

अर्जासोबतचं मोटिव्हेशन लेटर माझ्या भाच्याने स्वतः लिहिलं होतं, निदान तसा त्याचा दावा होता. पहिलंच वाक्य, लहानपणापासून मला यंत्रांची ओढ होती. अप्पांनी पेन खाली ठेवलं.

"कसली ओढ?"

"म्हणजे... मी घरातला मिक्सर उघडला होता."

"परत लागला का?"

भाचा गप्प. स्वयंपाकघरातून ताईचा आवाज आला, "नाही लागला! नवा आणावा लागला!"

"किंमत?" अप्पांनी विचारलं.

ते वाक्य उडालं. त्याजागी वर्षभर नोकरीत त्याने पंपाच्या कुठल्या भागावर काम केलं, काय बिघडत होतं, ते समजायला कुठला विषय शिकायला हवा आणि तो आखेनला कोण शिकवतं, असं सरळ एक पान आलं. चार वेळा लिहायला लावलं. प्रत्येक विशेषणापाशी 'पुरावा जोडलेला नाही' असा शेरा. मी ते पत्र वाचलं आणि हा मुलगा काय काम करतो, हे मला पहिल्यांदा कळलं.

व्हिसाच्या अर्जाच्या दिवशी अप्पा बरोबर गेले. आत फक्त अर्जदाराला सोडतात, म्हणून बाहेर रस्त्यावर उभे राहिले. कागदांचे संच, स्टेपलरला सक्त मनाई, टाचणी नाही, नुसत्या क्लिपा. फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटर. फोटोग्राफरला त्यांनी आधीच दम दिला होता, चेहरा गोरा करायचा नाही, मागे पडदा नको, आणि भाच्याला, "हसू नकोस. हसायचं ते व्हिसा आल्यावर." आदल्या संध्याकाळी देवापुढे ठेवलेल्या फाइलवर ताईने कुंकवाचं बोट लावलं, ते अप्पांनी ओल्या फडक्याने पुसलं. "देवाला पोचलं," ते म्हणाले, "कॉन्सुलेटला कशाला?"

पाच आठवड्यांनी व्हिसा आला. भाचा गेला. विमानतळावर निघण्याआधी त्याच्या तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा अप्पांनी हातकाट्याने तोलल्या. कुकर, गोडा मसाला, मेतकूट, केस कापायचं मशीन. चारशे ग्रॅम जास्त भरलं तेव्हा काढायचं काय यावर खल झाला आणि आईने दिलेल्या लाडवांऐवजी अप्पांनीच दिलेलं पेपर पंचिंग मशीन निघालं. हा त्यांचा आयुष्यातला सर्वांत मोठा त्याग समजायला हरकत नाही.

तिकडे गेल्यावरही सुटका नव्हतीच. महिन्याभरात भाच्याच्या पत्त्यावर सरकारी रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं बिल आलं, महिन्याला १८.३६ युरो. घरात टीव्ही असो नसो, प्रत्येक घराला भरावीच लागते. अप्पा इकडे पेटले. "अठराशे छत्तीस रुपये! कशाचे? आकाशवाणीचे?" आपल्याकडेही एकेकाळी रेडिओला लायसन लागायचं, पोस्टात फी भरायची, पण निदान रेडिओ असला तरच, असा दाखला देऊन त्यांनी दोन पानी आक्षेप इंग्रजीत लिहून पाठवला आणि भाच्याला तो जर्मन करून लावायला सांगितला. भाच्याने तो घरातल्या दोन जोडीदारांना वाचून दाखवला, तिघांत वर्गणी वाटून घेतली आणि भरून टाकली. अप्पांना अजून उत्तराची वाट आहे. दर पंधरा दिवसांनी ते विचारतात, "पावती क्रमांक तरी मिळाला का?"

या गुणाकाराचं मूळ काकूंनी एकदा आमच्या घरी सांगितलं. अप्पा तेव्हा वर पाण्याच्या टाकीत किती पाणी आहे ते पाहायला गेले होते.

मुलगी नवी नवी गेली तेव्हा रविवारी फोन करायची. तिकडे रविवारी दुकानं बंद, त्यामुळे मोकळी असायची. आठवड्याचा खर्च वाचून दाखवायची आणि गुणाकार तीच करायची. "अप्पा, कोबी दीड युरो, एकशेवीस." अप्पा इकडून ओरडायचे, "एकशेवीसचा कोबी! सोन्याचा आहे का?" ती हसायची आणि पुढची वस्तू सांगायची. टोमॅटो, तांदूळ, ट्रॅमचा दंड. तो दंड साठ युरोंचा, अठ्ठेचाळीसशे, त्यावर अर्धा तास गेला होता. बापलेकीचं बोलणं म्हणून दुसरं काही नव्हतंच. ही एवढीच आकडेमोड. कशी आहेस, एकटं वाटतं का, असले प्रश्न अप्पांना विचारता येत नाहीत. कोबीचा भाव विचारता येतो. ती महाग वस्तू सांगायला लागली की काकू ओळखायच्या, आज हिला जास्त वेळ बोलायचंय.

मग तिचं शिक्षण झालं, नोकरी लागली, पगार सुरू झाला. एका रविवारी ती म्हणाली, मैत्रिणीबरोबर बाहेर कॉफी प्यायले, चार युरो. "तीनशे साठ!" अप्पा ओरडले. तिकडून आवाज आला, "अप्पा, चार."

चिडून नाही. सहजच म्हणाली. तिच्या लेखी ते चारच होते. त्यानंतरही फोन येत राहिले, अगदी वेळेवर येतात, पण त्यात भाव नसतात. अप्पांना या गोष्टीचं वाईट वाटलं असेल असं मी लिहिणार होतो, पण काकू म्हणाल्या, वाईट वगैरे काही नाही, त्यांनी दुसऱ्या दिवशी ए विंगमधल्या जोशांच्या मुलाला गाठलं. मोकळा पडलेला गुणाकार तेव्हापासून सोसायटीत सुटला आहे आणि त्याला आवर घालणारं कुणी नाही.

भाच्याचं ते मूळ अंदाजपत्रक हल्लीच माझ्या हाती पडलं. ताईने ते फ्रिजवर चुंबकाने लावून ठेवलं आहे. वाचता वाचता तळाशी एक ओळ दिसली, 'आकस्मिक : १५० युरो.' पुढे रुपयांचा रकाना कोरा. शेऱ्यात लिहिलं होतं, 'हिशेब मागितला जाणार नाही.' ज्या माणसाने दुधाचे चार रुपये वसूलपात्र ठरवले त्याच्या हातचं हे अक्षर. भाच्याला फोनवर विचारलं, कशावर खर्च केलेस रे ते? म्हणाला, नोव्हेंबरात पाच वाजताच काळोख होतो, एका शनिवारी खोलीत बसवेना, रेल्वेने दुसऱ्या गावच्या मित्राकडे गेलो. परत आल्यावर अप्पांना फोन केला होता. अप्पांनी विचारलं, बाटल्या किती झाल्या? एवढंच.

आता त्यांच्या स्वतःच्या व्हिसाचं चाललं आहे. सात वर्षांत मुलगी तीनदा येऊन गेली, हे कधी गेले नाहीत. या वेळी काकूंनीच उचल खाल्ली. पर्यटक व्हिसाची फी माणशी ९० युरो, विमा किमान तीस हजार युरोंचा, हे सगळं अप्पांना तोंडपाठ. अडलं ते एका कागदावर. बोलावणाऱ्याने तिकडच्या कचेरीत जाऊन, आपला पगार दाखवून, पाहुण्यांचा सगळा खर्च मी करीन अशी हमी सही करून देता येते. मुलीने परस्पर जाऊन ती दिली आणि कागद कुरियरने पाठवला.

अप्पा तो घेऊन माझ्याकडे आले. घाम फुटलेला. त्यात तिची पगारपत्रकंही होती. पहिल्यांदाच त्यांना तिचा पगार कळला होता, आणि त्याहून जास्त, त्यातून कर, पेन्शन, विमा म्हणून काय काय कापलं जातं ते. ते सगळं त्यांनी गुणून पाहिलं होतं. पण सल होता तो दुसराच. "मी हिच्यासाठी ब्लॉक्ड अकाउंट भरलं," ते म्हणाले, "आणि आता ही माझी हमी देते? माझं पेन्शन आहे. एफडी आहेत. फी बघा, एकोणतीस युरो. दोन हजार नऊशे रुपयांत बाप दत्तक!"

मी म्हटलं, स्वस्तात पडलं की. त्यांना ते आवडलं नाही.

त्याच रात्री अप्पांनी २,९०० रुपये मुलीच्या इथल्या खात्यावर पाठवले. शेरा : 'हमी फी, परतफेड.' सकाळी ते परत आले. शेरा : 'आकस्मिक.' अप्पांनी पुन्हा पाठवले, 'अनियमित जमा, परत.' तिने पुन्हा फिरवले, 'निर्णय प्रलंबित.' काकू वैतागल्या आहेत. त्या म्हणतात, अपॉइंटमेंट मंगळवारी आहे, तोवर बँकेच्या स्टेटमेंटमध्ये ही ये-जा पाहून कॉन्सुलेटला वाटेल या घरात कसला तरी धंदा चालतो. अप्पांनी त्यासाठी वेगळा खुलासा टाइप करून फाइलला जोडला आहे, अर्थात क्लिपने. काल रात्रीपर्यंत पैसे तिच्याकडे होते.